बिलोलीला राहायला जायचं तर

नवीन गावी राहायला जायचं म्हटलं की आपण आयटीवाले पहिलं काय करतो? एक्सेल उघडतो. घरभाडं, शाळा, दवाखाना, नेटचा स्पीड, रेल्वे स्टेशन किती लांब, असे कॉलम टाकतो, प्रत्येकाला दहापैकी मार्क देतो, बेरीज करतो आणि बायकोला दाखवतो. (बायको शीटकडे न बघता "पाणी किती दिवसांआड येतं?" एवढंच विचारते.)

आमच्याकडे गेला महिनाभर हाच उद्योग चालू आहे. बायको राष्ट्रीयीकृत बँकेत. बढती हवी तर ग्रामीण भागात काही वर्षं काढावी लागतात, आणि तिच्यासमोर जे दोन-तीन पर्याय आले त्यातला एक म्हणजे बिलोली, जिल्हा नांदेड. मी नोकरीला हैदराबादेत, आठवड्यातले तीन दिवस ऑफिस, बाकी घरून. मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीत. म्हणजे प्रश्न तीन माणसांचा आणि निदान तीन वर्षांचा. शिवाय "स्वस्तात प्लॉट मिळतोय, घेऊनच टाका" असं सांगणारे नातेवाईक आहेतच. ते नसतील तर मराठी कुटुंब पूर्ण कसं होणार :-)

आता एक्सेलचं एक आहे. भाडं कमी आहे हे त्यात दिसतं, ते का कमी आहे हे दिसत नाही. कारखाना नाही हे दिसतं, होता आणि बंद पडला हे दिसत नाही. आणि गावाचं पुढे काय होईल याचा थोडाफार अंदाज या "का" मधूनच येतो. म्हणून या वीकेंडचा लेख बिलोलीच्या इतिहासावर, पण राहायला जाणाऱ्याच्या नजरेने. राजे-महाराजे कमी, सातबारा जास्त.

नकाशा आधी

बिलोली हे नांदेड जिल्ह्याच्या पूर्व कडेचं तालुक्याचं गाव. नगरपरिषद आहे, प्रांताचं ऑफिस आहे, कोर्ट आहे. तालुक्यातलं दुसरं शहरवजा गाव कुंडलवाडी. गावापासून पूर्वेला निघालं की थोड्याच वेळात मांजरा नदी लागते, येसगीचा निजामकालीन पूल लागतो आणि पलीकडे तेलंगणा. पहिलं मोठं गाव बोधन, मग निजामाबाद.

आता अंतरं बघा. बोधन पंचवीस-तीस किलोमीटर. निजामाबाद पन्नासच्या आसपास. आपलं जिल्ह्याचं ठिकाण नांदेड सत्तर-ऐंशी. हैदराबाद साधारण सव्वादोनशे. छत्रपती संभाजीनगर, जिथे आपलं हायकोर्टाचं खंडपीठ आहे, ते सव्वातीनशेच्या वर. मुंबई सहाशेच्या पलीकडे.

म्हणजे सातबारा मराठीत, एसटी महाराष्ट्राची, बोर्ड महाराष्ट्राचं, पण जवळचं मोठं शहर दुसऱ्या राज्यात. बिलोलीबद्दल मला जे काही सांगायचंय ते या एका वाक्यात आहे. घर, धंदा, पाणी, शाळा, कुठलाही कॉलम घ्या, त्याच्या मागे ही सीमा उभी आहे. आणि ही सीमा काही फार जुनी नाही. आपल्या आजोबांच्या वयाचीसुद्धा नाही.

नांदेड ही तेलंगणाची राजधानी होती

दचकू नका. शाहजहानच्या काळात, १६३६ च्या सुमारास औरंगजेब पहिल्यांदा दख्खनचा सुभेदार झाला तेव्हा मुघलांच्या ताब्यातल्या दख्खनचे चार सुभे होते: दौलताबाद, खानदेश, वऱ्हाड आणि तेलंगण. यातल्या तेलंगण सुभ्याचं मुख्य ठाणं होतं नांदेड आणि मुख्य किल्ला कंधार. म्हणजे त्या वेळी बिलोली काही कडेचं गाव नव्हतं, सुभ्याच्या मधल्या पट्ट्यात होतं. बिलोलीत सरफराजखानाच्या नावाची दगडी मशीद आहे, मुघल धाटणीची, तीनशे वर्षांहून जुनी. आड रस्त्याच्या खेड्यात कोणी एवढं दगडकाम करत नाही. हे गाव एकेकाळी वाटेवरचं होतं याची ती खूण.

पुढे १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्कने दख्खनमध्ये आपला अंमल पक्का केला आणि तिथपासून १९४८ पर्यंत बिलोली हैदराबाद राज्यात. सव्वादोनशे वर्षं! या काळात बिलोलीचं तोंड सरळ हैदराबादकडे होतं. वरचं कोर्ट हैदराबादला. १९१८ नंतर उच्च शिक्षणाला उस्मानिया विद्यापीठ, तेही हैदराबादला आणि उर्दूतून. नाणं हैदराबादचं, हाली सिक्का. १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेने बससेवा सुरू केली, तीही हैदराबाद केंद्र धरून.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. आणि १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचनेत त्याचे तीन तुकडे झाले: मराठवाडा मुंबई राज्यात, तेलंगण आंध्रात, कन्नड जिल्हे म्हैसूरात. १ मे १९६० ला मराठवाडा महाराष्ट्रात.

तुकडे किती बारकाईने पाडले ते बघण्यासारखं आहे. नांदेड जिल्हा सगळाच्या सगळा आपल्याकडे आला नाही. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही सर्कलं काढून आंध्राला दिली. मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कलं तिकडे गेली, धर्माबादचं सर्कल इकडे राहिलं. उलट अदिलाबाद जिल्ह्यातला किनवट तालुका इकडे आला. भाषा बघून रेषा मारली खरी, पण इथली माणसं घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी बोलणारी. अशा ठिकाणी कुठेही रेषा मारा, कोणाचं तरी सासर पलीकडे जाणारच.

भाषावार राज्य झालं ते चांगलंच झालं. मराठीतून अर्ज करता येणं, मराठीतून निकाल वाचता येणं ही छोटी गोष्ट नाही. पण राहायला जाणाऱ्याने दुसरी बाजूही बघावी. १९५६ मध्ये बिलोलीची केंद्रं एका दिवसात बदलली आणि नवी केंद्रं जवळ यायला दोन पिढ्या गेल्या. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये झालं, औरंगाबादला. हायकोर्टाचं खंडपीठ १९८१ मध्ये, तेही औरंगाबादला. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १९९४ मध्ये. म्हणजे ५६ साली बिलोलीत जन्मलेल्या मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी विद्यापीठ मिळालं तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता. तोवर त्याचं शिकायचं वय निघून गेलेलं.

घर: जमिनीच्या आत किती कागद आहेत

आता नातेवाईकांच्या प्लॉटकडे येऊ. स्वस्त आहे, मान्य. पुण्याच्या एका पार्किंगच्या किमतीत काय काय येईल याची गणितं करून झाली आहेत. पण मराठवाड्यात जमीन घेताना पश्चिम महाराष्ट्रातला अनुभव फारसा कामाला येत नाही, कारण इथल्या जमिनीचा जन्मदाखलाच वेगळा आहे.

निजामाच्या राज्यात सगळी जमीन एका प्रकारची नव्हती. काही सरळ सरकारची, म्हणजे दिवाणी किंवा खालसा. काही निजामाच्या खाजगीतली, सर्फ-ए-खास. काही जहागीरदारांची. शिवाय इनामं: कोणाच्या निर्वाहासाठी दिलेली ती मदतमाश, देवस्थान-मशिदीच्या सेवेसाठी दिलेली ती खिदमतमाश. जहागिऱ्या ऑगस्ट १९४९ मध्ये बरखास्त झाल्या. त्या कायद्याच्या नावात साल आहे १३५८ फसली. (जुने कागद हातात आले तर फसली सनात साधारण ५९० मिळवा. डेट फॉरमॅटचा त्रास आपल्यालाच होतो असं नाही.) १९५० मध्ये हैदराबादचा वेगळा कूळ कायदा आला. १९५४ मध्ये इनामं रद्द करणारा कायदा आला.

आणि या सगळ्यानंतर मराठवाड्यात जमिनीची मोठी नोंदणी झाली ती १९५४-५५ ची खासरा पाहणी. आजही जमिनीचा वाद झाला की वकील पहिलं विचारतो, "खासऱ्याला कोणाचं नाव आहे?" पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला हा शब्द ऐकूनसुद्धा माहीत नसतो.

याचा प्लॉट घेणाऱ्याशी संबंध काय? सरळ आहे. सातबारावर भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २, हे बघायचं. वर्ग २ म्हणजे जमिनीवर सरकारच्या अटी आहेत, परवानगीशिवाय विकता येत नाही. इनामाची किंवा कुळाला मिळालेली जमीन परवानगी न घेता हातोहात विकली गेली असेल तर दोन व्यवहारांनंतरचा खरेदीदार फेरफाराला अडकतो. हा प्रश्न इतका पसरलेला होता की मदतमाश जमिनी नियमित करण्याचा नजराणा सरकारने २०२४ मध्ये ५० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला. ज्या जमिनीचे कागद १९५० च्या दशकात गुंतले, त्यांची गाठ सोडवायचं काम २०२४ मध्ये चालू आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर हा लेगसी कोड आहे, आणि लिहिणारे सगळे कंपनी सोडून गेले आहेत.

त्यामुळे जमीन स्वस्त दिसली की मागणी कमी आहे एवढंच समजू नये. कधी कधी किमतीत कागदांची जोखीमही धरलेली असते. आमच्यापुरता निर्णय: भाड्याने राहायचं. जुनं माळवदाचं घर बघायला कितीही गोड वाटलं तरी.

पोट: एका नदीवरचे दोन कारखाने

गावाची अर्थव्यवस्था कशी आहे हे विचारताना मी एक प्रश्न विचारतो: इथे शेवटचा मोठा पगार कोणी दिला, आणि तो का थांबला? बिलोलीच्या बाबतीत उत्तर नदीच्या दोन्ही काठांवर आहे.

मांजरा बीडकडून निघते, लातूर-बिदर करत मेदककडे जाते आणि मग उत्तरेला वळून आपल्याकडे येते. त्या वळणावर निजामाने १९२३ ते १९३१ मध्ये निजामसागर धरण बांधलं. मुख्य इंजिनीअर नवाब अली नवाज जंग. कालवे गेले बोधन-निजामाबादच्या बाजूला. तिथे ऊस उभा राहिला आणि १९३७ मध्ये बोधनला निजाम शुगर फॅक्टरी निघाली. शक्करनगर नावाची वसाहत वसली, बोधनपर्यंत रेल्वेचा फाटा आला. आशियातला सर्वात मोठा साखर कारखाना म्हणून तो मिरवायचा.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. धरण झालं तेव्हा दोन्ही काठ एकाच राजाचे होते. तरी कालवे पलीकडे गेले आणि बिलोलीच्या वाट्याला धरणातून सुटेल ते पाणी आलं. म्हणजे सगळा दोष १९५६ च्या रेषेवर टाकता येत नाही. रेषेने फक्त एवढं केलं की आधीचा फरक कायमचा झाला. आधी बिलोलीचा माणूस दरबारात अर्ज करू शकत होता. नंतर त्याला दुसऱ्या राज्याशी बोलणी करावी लागली, आणि ती त्याच्या वतीने मुंबईतून कोणी तरी करणार.

महाराष्ट्रात आल्यावर आपल्या पद्धतीने सहकार आला. बिलोली तालुक्यात शंकरनगरला गोदावरी मनार सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पश्चिम महाराष्ट्रात ज्या मॉडेलने गावं उभी केली तेच मॉडेल. तो बंद पडून आता बरीच वर्षं झाली. आणि पलीकडे बोधनचा? २००२ मध्ये त्याच्यात खाजगी भागीदार आला, डिसेंबर २०१५ मध्ये तो बंद झाला. एका काठावर सरकारी, दुसऱ्या काठावर सहकारी. तऱ्हा दोन, शेवट एकच.

मग आज पैसा कुठून येतो? काळी जमीन आहे. सोयाबीन, कापूस, तूर. धर्माबादला मिरचीची मोठी बाजारपेठ आहे, आणि ती तिथे असण्याचं कारण रेल्वे. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास हैदराबाद ते मनमाड झाली, ती धर्माबादवरून नांदेडला गेली. बिलोलीला रूळ आलेच नाहीत. धर्माबाद आधी बिलोलीचाच भाग होतं. पुढे नांदेड जिल्ह्यातल्या तालुक्यांची फोड झाली तेव्हा धर्माबाद आणि नायगाव वेगळे तालुके झाले. म्हणजे स्टेशन आणि बाजार दोन्ही तालुक्याच्या बाहेर. आणि मांजरेची वाळू. या वाळूला सीमेच्या दोन्ही बाजूंनी मागणी असते. नदीतली वाळू ट्रकने लांबच्या स्लॅबमध्ये जाते, आणि तिच्या मागोमाग इथला मजूरही हैदराबादच्या बांधकामावर जातो. मी हैदराबादेत ज्या इमारतीत बसून हा लेख लिहितोय तिथे यातलं काय काय आहे, कोण जाणे.

आता एक आकड्यांची गंमत. २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ६१ हजार, साक्षरता ७५ टक्क्यांच्या थोडी वर. यात नांदेड शहराचे साडेपाच लाख लोक धरलेले आहेत. विभागीय असमतोल मोजणाऱ्या दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात अनुशेष काढताना जिल्हा हेच एकक धरलं होतं. मराठवाड्याचा वाटा राज्याच्या एकूण अनुशेषाच्या साडेतेवीस टक्के निघाला. पण जिल्ह्याच्या सरासरीत कडेचा तालुका दिसत नाही. नांदेडला पूल झाला की जिल्ह्याचा आकडा सुधारतो, बिलोलीत काहीही होत नाही. आपल्याला हे चांगलं माहीत आहे: सर्व्हरचा ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम झकास असतो आणि एक कस्टमर रोज फोन करून ओरडत असतो. राहायला जायचं तर त्या कस्टमरशी बोलावं.

पाणी: १ जुलै ते २८ ऑक्टोबर

बायकोचा प्रश्न तसा बरोबरच आहे. गोदावरी आणि मांजरा या दोन नद्यांचा संगम कुंडलवाडीच्या पलीकडे कंदकुर्तीला होतो. दोन मोठ्या नद्यांच्या कुशीतला तालुका म्हणजे पाण्याची काळजी नसावी. पण खाली तेलंगणात श्रीरामसागर, म्हणजे आपल्याकडे ज्याला पोचमपाड म्हणतात ते धरण आहे. त्याचा फुगवटा मागे महाराष्ट्रापर्यंत येतो.

महाराष्ट्राने धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळी बंधारा बांधला. क्षमता २.७४ टीएमसी. आंध्रचं म्हणणं, हा आमच्या धरणाच्या पोटात बांधलाय, आमचं पाणी पळवतील. जुलै २०१० मध्ये चंद्राबाबू नायडू आपले आमदार-खासदार घेऊन आंदोलनाला आले आणि त्यांना धर्माबादला अटक झाली. देशभराच्या चॅनलवर धर्माबाद झळकलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २८ फेब्रुवारी २०१३ ला निकाल लागला: बंधारा राहील, पण दरवर्षी १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारं उघडी ठेवायची, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं.

या तारखा नीट वाचा. नदीला पाणी असतं तो सगळा काळ दारं उघडी. दारं लावायची ती पाऊस परतल्यावर. परतीचा पाऊस चांगला झाला तर बंधारा भरतो, नाही झाला तर कोरड्या पात्रावर दारं लावून बसायचं. तेलंगणाची भीती खोटी होती असं नाही. खालच्या शेतकऱ्याचंही पोट त्याच नदीवर आहे. पण इथल्या घराचा मार्च-एप्रिल कसा जाईल हे ऑक्टोबरचे शेवटचे काही दिवस ठरवतात. ही माहिती कुठल्याही भाड्याच्या जाहिरातीत मिळणार नाही.

जगणं: दोन राज्यांचा शेजार

राहण्याजोगं गाव कोणतं, याचं उत्तर देताना आपण बागा आणि मॉल मोजतो. मी त्याआधी एक प्रश्न विचारतो. वाईट दिवस आले तेव्हा हे गाव कसं वागलं?

बिलोली तालुक्यात अर्जापूर आहे. तिथे १९४६ मध्ये गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. हैदराबाद मुक्तिसंग्रामातले ते पहिल्या हुतात्म्यांपैकी. त्यानंतरची दोन वर्षं रझाकारांची. या भागातल्या अनेक कुटुंबांनी गावं सोडून संस्थानाबाहेर आसरा घेतला. सप्टेंबर १९४८ नंतर पारडं फिरलं आणि मार मुसलमानांवर पडला. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वात जास्त झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले त्यात नांदेड आहे. बाकीचे उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बिदर. पहिला भाग आपण दर १७ सप्टेंबरला आठवतो. दुसरा फारसा बोलला जात नाही. पण दोन्ही घडल्यावरही मशीद आणि देऊळ एकाच गावात राहिले, बाजार एकच राहिला, आणि मराठी, तेलुगू, उर्दू, दखनी एकाच चहाच्या टपरीवर ऐकू येतात. माझ्या शीटमध्ये याला मार्क आहेत.

शिक्षणाचं म्हणाल तर तालुक्यातल्या सगरोळीला संस्कृती संवर्धन मंडळ ही जुनी संस्था आहे, तिचं कृषी विज्ञान केंद्र आहे. आडगावात राहूनही चांगली शाळा उभी राहू शकते याचा हा पुरावा.

आणि शेजार? २ जून २०१४ ला तेलंगणा राज्य झालं. २०१८ मध्ये तिथे शेतकऱ्याला चोवीस तास मोफत वीज आणि रयतू बंधू योजनेत एकरी, हंगामाला चार हजार रुपये सुरू झाले. त्याच वर्षी धर्माबाद तालुक्यातल्या काही गावांच्या सरपंचांनी मागणी केली की आम्हाला तेलंगणात घ्या. सप्टेंबर २०१९ मध्ये नांदेडच्या सीमाभागातली मंडळी मुख्यमंत्री केसीआर यांना जाऊन भेटली. फेब्रुवारी २०२३ मध्ये केसीआर यांनीच नांदेडला सभा घेतली. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांचं सरकार गेलं आणि तो सूर खाली आला.

पुण्या-मुंबईत ही बातमी विनोदासारखी वाचली गेली. मला त्यात विनोद दिसत नाही. या लोकांनी मराठी सोडतो असं म्हटलं नव्हतं. आपण जे एक्सेलमध्ये करतो तेच त्यांनी उघड्या डोळ्यांनी केलं: बांधाच्या अलीकडे काय मिळतं, पलीकडे काय मिळतं. फरक एवढाच की आपण ज्या गावाला कमी मार्क पडतात तिथे जात नाही. त्यांना गाव हलवता येत नाही, म्हणून त्यांनी राज्य हलवायची भाषा केली.

मुलं असणाऱ्यांसाठी सीमेचा एक वेगळा हिशोब आहे. मेडिकल-इंजिनीअरिंगच्या राज्य कोट्याला दहावी-बारावी कुठल्या राज्यात केली हे बघतात. तेलंगणाचे "लोकल" ठरवायचे नियम आणखी वेगळे, तिथे शेवटच्या चार वर्षांचं शिक्षण मोजतात. मराठवाड्यासाठी मेडिकलला असलेलं ७०:३० चं प्रादेशिक वाटप २०२० मध्ये रद्द झालं. मुलगी पहिलीत असताना हा विचार हास्यास्पद वाटेल. पण नदीच्या कुठल्या काठावर भाड्याने घर घेतलं यावर अकरा-बारा वर्षांनी सीट अवलंबून असू शकते, हे सीमेवर राहणाऱ्या प्रत्येक आईबापाला पाठ असतं.

मग जायचं का?

आमचं ठरत आलंय ते असं. बायकोने बिलोली घ्यायची. घर भाड्याचं, बोअर आणि नळ दोन्ही असलेलं. प्लॉट नाही. मुलीची शाळा बिलोलीत आणि मराठी माध्यम, तेलुगू ती गल्लीत शिकेल. मी आठवड्याला हैदराबादहून निजामाबाद-बोधनमार्गे येईन. पुण्याहून येणाऱ्याला बिलोली हे महाराष्ट्राचं शेवटचं टोक वाटतं, पण मला ते पहिलं गाव लागेल.

तुम्ही बिलोलीला जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण कधी ना कधी कुठल्या तरी तालुक्याच्या गावी जाल: बदली म्हणून, वडिलांचं घर म्हणून, किंवा शहराचा कंटाळा आला म्हणून. तेव्हा भाडं आणि नेटचा स्पीड जरूर बघा. त्याबरोबर चार गोष्टी विचारा. सर्वात जुना कागद कोणत्या सरकारचा आहे? शेवटचा मोठा पगार कोणी दिला आणि तो का थांबला? वरच्या धरणाचं दार कोणाच्या हातात आहे? आणि गावातला आजारी माणूस रात्री दोन वाजता कुठल्या शहराकडे नेतात?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की गावाचं खरं जिल्ह्याचं ठिकाण कळतं. बिलोलीच्या बाबतीत नकाशा एक उत्तर देतो आणि ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर पेशंट बघून दुसरं देऊ शकतो. मी तरी ड्रायव्हरचं ऐकेन.